तुकडा का तपासतात? प्रोस्टेटच्या बायोप्सीसंबंधी काही

आज एका अशा दुखण्याविषयी बोलावयाचे आहे, की ज्याचा उच्चार आपल्याकडील पुरुषमाणसे चारचौघांत सहसा करीत नाहीत. पन्नाशी-साठी उलटली म्हणजे रात्रीतून तीन-तीन, चार-चार वेळा लघवीला उठावे लागते. धार बारीक होते. थांबून थांबून होते, झाली तरी पुरती झाली असे वाटत नाही. घरात कुणी विचारले तर उत्तर ठरलेले असते : "वय झालं, चालायचंच." पुष्कळांच्या बाबतीत हे खरेही असते. परंतु कधी कधी गोष्ट दवाखान्यापर्यंत जाते, डॉक्टर रक्त तपासतात, बोटाने तपासतात आणि शेवटी म्हणतात, "तुकडा काढून तपासावा लागेल." हा एक शब्द ऐकला की घरात चूल पेटत नाही. तुकडा म्हणजे कॅन्सरच, असे सगळे समजून चालतात. कुणी शेजारी येऊन सांगतो, "सुई लावू देऊ नका, सुई लागली की ते पसरतं." आणि मग मुलगा व बाप दोघेही परत त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

हा तुकडा, म्हणजे बायोप्सी, कशासाठी, कोणकोणत्या रीतीने आणि कुणाची काढतात, हे आज आपणांस सांगावयाचे आहे. शाळेतील गुरुजींनाही ही विनंती, की त्यांनी हे नीट ऐकावे. कारण गावात दवाखान्याचा कागद आला की तो वाचून दाखवण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच येते.

प्रथम ही ग्रंथी कोठे आहे ते पाहू. प्रोस्टेट ही फक्त पुरुषाच्या शरीरात असते. लघवीची पिशवी असते ना, तिच्या तोंडाशी, खालच्या बाजूस ही अक्रोडाएवढी ग्रंथी बसलेली असते आणि तिच्या मधून लघवीची नळी जाते. तरुणपणी तिचे वजन वीस ग्रॅमच्या आसपास असते. वीर्यातील काही द्रव तयार करणे हे तिचे काम. उतारवयात ती वाढते आणि मधली नळी आवळली जाते. म्हणून लघवीचा त्रास होतो. ही साधी वाढ आहे, कॅन्सर नव्हे, आणि ती पुढे कॅन्सर बनते असेही नाही. मात्र याच ग्रंथीत कॅन्सर वेगळा उद्भवू शकतो. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदद्वाराकडील भागात सुरू होतो. त्यामुळे आरंभी तो लघवी अडवीत नाही, दुखत नाही, काहीच सांगत नाही. पाठीचे किंवा कमरेचे हाड दुखू लागते तेव्हा तो पुष्कळ वेळा हाडांत पोहोचलेला असतो. त्रास झाला तरच दवाखाना, हा आपला नेहमीचा हिशेब येथे चुकतो तो असा.

मग शंका घ्यायची कशावरून? दोन गोष्टींवरून. एक, डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. ही ग्रंथी आतड्याच्या शेवटच्या भागाला अगदी लागून असते, म्हणून बोटाला ती लागते. साधी वाढलेली ग्रंथी रबरासारखी लागते. कठीण, खडबडीत गाठ लागली तर शंका येते. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. तिला लाजून नाही म्हणणारे पुष्कळ, पण तिच्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट, पीएसए नावाची रक्ताची तपासणी. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे एक प्रथिन आहे. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. चारपर्यंतचा आकडा साधारणपणे ठीक धरतात, पण वयाप्रमाणे हे माप थोडे बदलते. आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर झाला, असे नव्हे. साध्या वाढीने तो वाढतो, लघवीत जंतू झाले तरी वाढतो, लघवी तुंबून नळी घालावी लागली असेल तरी वाढतो. चार ते दहा यांच्या दरम्यान आकडा असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तर साधारणपणे चारांपैकी एकाच्याच तुकड्यात कॅन्सर सापडतो, तिघांच्यात नाही. म्हणून आकडा थोडा वाढलेला दिसला, तर शहाणा डॉक्टर आधी जंतुदोष बरा करतो आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतो. पहिल्याच कागदावर घाबरून जाण्याचे कारण नाही. तसेच पहिलाच कागद फडताळात ठेवून विसरून जाणेही बरे नव्हे.

रक्ताने शंका येते, बोटाने ती वाढते, सोनोग्राफीने ग्रंथीचा आकार कळतो. पण कॅन्सर आहे की नाही, याची खात्री यांपैकी कशानेही होत नाही. ती होते फक्त तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याने. आडतीवर पोते सोडून सगळे धान्य ओतीत नाहीत. टोकदार पोकळ सळई पोत्यात खुपसतात, तिच्यात मूठभर दाणे येतात आणि त्यांवरून मालाचा भाव ठरतो. बायोप्सीची सुई हेच काम करते. ती काडीसारखी बारीक असते. तिला स्प्रिंगचा चाप असतो. चाप ओढला की खट् असा आवाज होतो आणि दोऱ्याएवढा जाड, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा सुईच्या खाचेत येतो. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे तो मेणात बसवून, त्याच्या केसाहूनही पातळ चकत्या करून, रंग देऊन तज्ज्ञ डॉक्टर पाहतात.

श्रोते हो, "एवढे सगळे कशाला? ग्रंथीच काढून टाकावी," असे कुणी म्हणेल. आपल्या बीड जिल्ह्यात तरी असे कुणी म्हणू नये. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या आपल्या भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न साऱ्या राज्यात गाजला, हे आपणांस आठवत असेल. शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया विनाकारण होती, असे म्हणता येणार नाही. परंतु "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल," अशी भीती आपणांस घातली गेली, असे पुष्कळ जणींनी सांगितले. भीती घालावयास पुरावा लागत नाही, आणि भ्यालेला माणूस पुरावा मागत नाही. अंगातील अवयव एकदा गेला म्हणजे परत येत नाही. शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून उचललेले पैसे मात्र पुढच्या हंगामात फेडावे लागतात.

तेव्हा बायोप्सीचे खरे काम दुहेरी आहे. जो खरोखर आजारी आहे, त्याचा आजार ती लपू देत नाही. आणि जो आजारी नाही, किंवा ज्याच्या आजाराला कापाकापीची गरज नाही, त्याला ती चाकूपासून वाचवते. तुकड्याला भिऊन पळणारा माणूस हे दुसरे रक्षणही गमावतो.

आता तुकडा काढण्याच्या रीती पाहू. प्रोस्टेटकडे सुई नेण्यास मुख्यतः दोन वाटा आहेत.

पहिली वाट गुदद्वारातून. १९३७ साली अस्त्राल्दी नावाच्या डॉक्टराने ही वाट वापरली. त्या काळी बोटाच्या अंदाजानेच सुई मारीत. पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमधील वातानाबे या डॉक्टरांनी गुदद्वारातून सोनोग्राफी करून ग्रंथीचे चित्र पाहण्याची रीत बसवली, आणि १९८९ मध्ये अमेरिकेतील हॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चित्र पाहत ठरावीक सहा ठिकाणांहून तुकडे काढण्याची पद्धत दाखवली. आज सहाऐवजी दहा ते बारा तुकडे काढतात. रोगी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजतो. बोटाएवढी जाड सोनोग्राफीची नळी आत सरकवतात, इंजेक्शनने जागा बधिर करतात आणि पडद्यावर पाहत आतड्याच्या भिंतीतून सुई ग्रंथीत नेतात. सारे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते. त्याच दिवशी घरी जाता येते.

बारा ठिकाणांहून का? शेतकरी बंधूंना हे सांगावयास नको. माती परीक्षणासाठी आपण बांधाजवळची एकच मूठ नेत नाही. रानातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन नमुने घेतो, कारण एका कोपऱ्यावरून साऱ्या रानाची परीक्षा होत नाही. येथेही तसेच. फरक एवढाच, की मातीचे नमुने आपण एकत्र मिसळतो. येथे कोणता तुकडा कोणत्या बाजूचा, याची नोंद ठेवतात, म्हणजे रोग उजवीकडे आहे की डावीकडे, किती जागी आहे, हे कळते.

या वाटेची अडचण कोणती? सुई आतड्यातून जाते, आणि आतड्यात जंतू असतातच. ते सुईबरोबर ग्रंथीत आणि तेथून रक्तात जाऊ शकतात. शंभरांतील थोड्याच जणांना असा ताप येतो, पण आला तर तो गंभीर असतो. म्हणून आधी अँटिबायोटिक देतात, आणि कित्येक ठिकाणी आतील जागा आयोडीनच्या औषधाने धुऊन घेतात. येथे एक गोष्ट आपल्या हातची आहे, बरं का. सर्दी-खोकल्याला मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून दोन दिवस खायच्या आणि उरलेल्या फेकायच्या, ही सवय आपल्याकडे फार. अशाने आतड्यातील जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि ऐन गरजेच्या वेळी औषध लागू पडत नाही. मागच्या सहा महिन्यांत कोणत्या गोळ्या घेतल्या, ते बायोप्सीपूर्वी डॉक्टरांना न विसरता सांगावे. गोळ्यांची रिकामी पाने असतील तर तीच नेऊन दाखवावीत.

दुसरी वाट कातडीतून. अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधे जो भाग आहे, ज्याला आपण शिवण म्हणतो, तेथील कातडी जंतुनाशकाने स्वच्छ करून, बधिर करून तेथून सुई आत घालतात. सोनोग्राफीची नळी चित्रापुरती गुदद्वारातच असते, पण सुई आतड्याला शिवत नाही. रोगी पाठीवर, पाय वर करून निजतो. काही ठिकाणी जागेपुरती भूल देतात, काही ठिकाणी कमरेतून किंवा पुरती. खरे पाहता ही वाट पहिल्या वाटेहूनही जुनी. मधल्या काळात ती मागे पडली होती, ती आता पुन्हा पुढे आली आहे. कातडी धुऊन जितकी स्वच्छ होते तितके आतडे होत नाही, हे त्याचे कारण. ग्रंथीचा पुढचा भागही या वाटेने अधिक चांगला हाती लागतो. ब्रिटनमध्ये अकराशेहून अधिक पुरुषांवर या दोन्ही वाटांची तुलना झाली. तिचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला : उपचार करण्याजोगा कॅन्सर शिवणीच्या वाटेने शंभरांत साठांना सापडला, तर गुदद्वाराच्या वाटेने चोपन्नांना. मात्र हिला वेळ थोडा जास्त लागतो, साधने वेगळी लागतात आणि फार तुकडे काढले तर काही काळ लघवी अडण्याचा संभव असतो. तेव्हा एक वाट चांगली आणि दुसरी टाकाऊ, असा निकाल देऊ नये. योग्य काळजी घेऊन, सरावलेल्या हाताने केलेली कोणतीही वाट, तुकडाच न काढण्यापेक्षा बरी.

आता तिसरी गोष्ट. ही वेगळी वाट नव्हे, तर सुई कोठे मारावी हे आधी ठरवण्याची सोय आहे. ती म्हणजे एमआरआय. रानात खारवट, चोपण पट्टा कोठे आहे हे आधीच दिसले, तर नमुना नेमका तेथूनही घेता येतो. एमआरआयच्या चित्रात ग्रंथीतील संशयित जागा दिसतात आणि त्यांना एक ते पाच असे गुण देतात. एक-दोन म्हणजे संशय कमी, चार-पाच म्हणजे जास्त. मग डॉक्टर ते चित्र मनात ठेवून सोनोग्राफीखाली सुई नेतात, किंवा यंत्राने दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवून नेतात, किंवा क्वचित एमआरआयच्या यंत्रातच तुकडा घेतात. २०१८ साली पाचशे पुरुषांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. आधी एमआरआय केलेल्या गटात शंभरांत अठ्ठावीस जणांना सुई लावण्याचीच गरज पडली नाही, आणि तरीही उपचार करण्याजोगा कॅन्सर या गटात शंभरांत अडतीस जणांना सापडला. नेहमीच्या पद्धतीने तो सव्वीसांनाच सापडला होता. तेव्हा जेथे सोय व ऐपत आहे, तेथे "आधी एमआरआय करता येईल का?" हे डॉक्टरांना विचारण्यास हरकत नाही. परंतु एमआरआयची सोय नाही म्हणून कठीण गाठ लागलेल्या माणसाने सहा महिने थांबणे, हे मात्र शहाणपणाचे नव्हे.

आणखी एक प्रकार आहे, तो आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. लघवी फारच अडली तर दुर्बिणीने, लघवीच्या वाटेने, प्रोस्टेटचा आतला भाग खरवडून काढतात. तो कॅन्सरसाठी केलेला तपास नव्हे, साध्या वाढीवरचा उपाय आहे. पण जे तुकडे निघतात तेही तपासावयास पाठवावयाचे असतात. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली असेल त्यांनी "तुकड्यांचा रिपोर्ट कोठे आहे?" असे विचारून तो जपून ठेवावा.

सुईपूर्वी काय करावे? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगाव्यात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयाच्या रोग्याला तसे करणे महागात पडते. मधुमेह असेल, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठत असेल, तेही सांगावे. लघवी तपासून जंतू नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.

आणि नंतर? लघवीत थोडे रक्त काही दिवस दिसते, शौचाबरोबर दिसते आणि वीर्य तर कित्येक आठवडे लालसर किंवा तपकिरी दिसू शकते. यात घाबरण्याचे कारण नाही. पाणी भरपूर प्यावे, आठवडाभर जड ओझे उचलू नये. परंतु तीन गोष्टी धोक्याच्या : थंडी वाजून ताप येणे, लघवी अजिबात बंद होणे, आणि रक्ताच्या गाठी पडणे किंवा रक्त न थांबणे. यांतील एकही झाली तर सकाळची वाट न पाहता, रात्री असेल तर रात्री, रुग्णालय गाठावे. तापाची गोळी घेऊन पांघरूण ओढून पडून राहू नये. हा ताप जंतू रक्तात गेल्याचा असू शकतो, आणि त्यात तास मोलाचे असतात. म्हणूनच ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना एक विशेष सांगणे आहे. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी बायोप्सी करून घेऊ नये. मुकादमाचा ट्रक अनोळखी कारखान्याच्या फडावर सोडतो, तेथे दवाखाना कोठे हेही ठाऊक नसते. जमल्यास दसऱ्यापूर्वीच तपासणी उरकावी, म्हणजे रिपोर्टही हाती येतो आणि पुढचे ठरवता येते.

आता त्या मोठ्या भीतीकडे वळू. सुई लागली की कॅन्सर पसरतो का? नाही. प्रोस्टेटच्या सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणे साऱ्या जगात अत्यंत विरळ आहेत. मग हा समज आला कोठून? आपला माणूस हाडे दुखू लागल्यावर दवाखान्यात जातो. रोग तेव्हाच पसरलेला असतो. तुकडा काढतात, नाव कळते आणि पुढे काही महिन्यांत किंवा वर्षांत तो माणूस जातो. गावाला दिसते ते एवढेच, की सुई लागली आणि माणूस गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. फांदी पोखरली होती ती आधीपासून. दोष सुईचा नव्हे, उशिराचा.

गुरुजनांसाठी आता रिपोर्टविषयी थोडे. अमेरिकेतील डोनाल्ड ग्लीसन या डॉक्टरांनी १९६६ साली कॅन्सरच्या पेशींची मांडणी पाहून गुण देण्याची रीत काढली. ती ग्लीसन गुण या नावाने आजही वापरात आहे. कागदावर '३+३=६' असे असले तर तो सर्वांत सौम्य. सातला मध्यम समजतात, आठ ते दहा हा आडदांड. अलीकडे त्याच्याबरोबर एक ते पाच असा गटही लिहितात. एक सौम्य, पाच उग्र. दहापैकी सहा म्हणजे साठ टक्के शरीरात पसरला, असा अर्थ काही जण लावतात. तो साफ चुकीचा आहे. हा गुण पेशींच्या स्वभावाचा आहे, पसरण्याचा नव्हे.

आणि कॅन्सर हा शब्द आला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असेही नाही. सौम्य जातीचा प्रोस्टेटचा कॅन्सर पुष्कळदा इतका सावकाश वाढतो, की त्यावर केवळ लक्ष ठेवतात : ठरावीक काळाने पीएसए, बोटाची तपासणी, लागल्यास एमआरआय व पुन्हा बायोप्सी. ब्रिटनमध्ये ग्रंथीबाहेर न गेलेला कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते. एका गटावर लक्ष ठेवले, एकावर शस्त्रक्रिया केली, एकाला किरणोपचार दिले. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने दगावलेले शंभरांत तीनसुद्धा नव्हते, आणि तिन्ही गटांत विशेष फरकही नव्हता. उग्र जातीला मात्र उपचार लवकर हवा. शस्त्रक्रिया आहे, किरणोपचार आहेत, संप्रेरके रोखण्याचा उपाय आहे. हाडांत गेलेल्या रोगालाही या शेवटच्या उपायाने बरीच वर्षे आवर घालता येतो. कोणता मार्ग धरावा हे तुकड्याशिवाय सांगता येत नाही.

उलट, तुकड्यात काही सापडले नाही म्हणजे कायमची सुटका, असे समजू नये. सुई चुकून निरोगी जागी गेलेली असू शकते. पीएसए पाहत राहावे, आणि तो चढत राहिला तर पुन्हा दाखवावे.

बायोप्सी सर्वांचीच करतात का? नाही. वय फार झाले आहे, इतर मोठे आजार आहेत आणि तुकडा पाहून उपचारात काहीच बदल होणार नाही, अशा वेळी डॉक्टर ती टाळतात आणि ते योग्यच आहे. ऐंशी पार केलेल्या, खाटेवर असलेल्या आजोबांना केवळ आकडा वाढला म्हणून सुईखाली नेण्याचा हट्ट घरच्यांनी धरू नये.

जावे कोठे? आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. प्रथम तेथे दाखवावे. पुढे कोठे जावे ते तेथून सांगतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. सीमेपलीकडे बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. याच बार्शी परिसरात १९८७ पासून खेड्यांतील कॅन्सरची घरोघर नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. देशातील ग्रामीण भागातील ते पहिले. मुंबईस १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. जाताना आधार कार्ड व शिधापत्रिका बरोबर घ्यावी आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला कोणता खर्च बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधीच विचारावे. पैशाची सोय कळण्याआधीच सावकाराचा उंबरठा झिजवू नये.

शेवटी, डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारावयाचे पाच प्रश्न सांगतो. गुरुजींनी ते एका कागदावर लिहून द्यावेत. एक : माझी तपासणी कशावरून सांगता, आकड्यावरून की गाठीवरून? दोन : आकडा पुन्हा तपासून पाहिला का, आणि एमआरआयचा उपयोग होईल का? तीन : सुई कोणत्या वाटेने, आणि जंतू होऊ नयेत म्हणून काय करणार? चार : रिपोर्ट केव्हा मिळेल आणि ताप आला तर रात्री कोणाकडे यायचे? पाच : रिपोर्ट चांगला आला तर पुढे काय, आणि वाईट आला तर कोणकोणते मार्ग?

हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि तुकडा न तपासताच कुणी "लगेच काढून टाकू, नाहीतर कॅन्सर होईल," असे म्हणाला, तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवावेत. तो आपला हक्क आहे. मुलांनीही वडिलांना एकटे पाठवू नये. "अण्णा, रात्री किती वेळा उठता?" एवढे विचारले तरी अर्धे काम होते, कारण हा विषय म्हातारा माणूस स्वतःहून काढीत नाही. घरच्या बाईमाणसाला ते ठाऊक असते, पण तीही बोलत नाही. एकाने बोलावयास सुरुवात केली पाहिजे.

तुकडा म्हणजे शिक्षा नव्हे. डॉक्टरांनी शरीराला विचारलेला तो एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर चांगले आले तर निर्धास्त झोप मिळते, आणि वाईट आले तर वेळ हातात असते. प्रश्नच न विचारल्याने मात्र रोग थांबत नाही.